रांगेतला डावा बूट

१

सकाळी पावणेनऊला मास्तर जिन्याखाली आपल्या बैठकीवर बसले की पहिली पाच मिनिटं कामाला हात लावत नसत. नुसते रस्त्यावरून जाणारे पाय बघत. बैठक जमिनीपासून वीतभर उंच, त्यामुळे डोळे लोकांच्या गुडघ्यांच्या पातळीला. इतर लोक माणूस तोंडावरून ओळखतात, मास्तर तो चालण्यावरून ओळखत आणि तोंड वर दिसलं की खात्री करून घेत.

चपला-बूट दुरुस्त करण्यात पस्तीस वर्षं गेली होती. मास्तर हे नाव लोकांनी ठेवलेलं, कारण शिवलेल्या चपलेबरोबर एक धडा फुकट मिळायचा. "डावी टाच आतून झिजतेय. पिशवी जरा दुसऱ्या हातात घेत जा." गिऱ्हाईक हसायचं, आणि चार पावलं गेल्यावर गुपचूप पिशवीचा हात बदलायचं.

त्यांची एक जुनी सवय होती, वडिलांनी लावलेली. दुसऱ्याच्या पायातलं हातात घ्यायचं तर आधी आपल्या पायातलं बाजूला काढून ठेवायचं. आता ते इतकं अंगवळणी पडलं होतं की मास्तरांना स्वतःला कळतही नसे. खाली वाकले की पाय आपोआप मोकळे. मग दुपारी जेवायला वर जाताना चपला खालीच राहायच्या आणि वर ताईच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"आलास अनवाणी? दुसऱ्यांची पायताणं जन्मभर सांभाळ आणि स्वतःची टाकून ये. थांब, मीच आणते."

"राहू दे गं, मी जातो."

"तू जेव. तुझ्या भरवशावर राहिले तर उद्या जिनापण विसरशील." आणि पुढे ठरलेलं वाक्य, "बसून जमिनीवरची एक चप्पल उचलायची तर मला आधी माझा बूट काढावा लागतो, ठाऊक आहे ना? पण साहेबांना त्याचं काय!"

ते खरंच होतं. ताई मास्तरांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं, आणि त्या नादात स्वतःचा संसार करायचा राहून गेला. लहानपणीच्या दुखण्यात तिचा डावा पाय चार बोटं आखूड राहिलेला. त्या पायासाठी मास्तर स्वतःच्या हाताने बूट करत, एकावर एक थर चिकटवून जाड तळव्याचा. तो घातला की ती उभी राही, चालेही, पण वाकता येत नसे. खाली बसायचं तर लेस सोडून बूट बाजूला ठेवावा लागे.

चालताना त्या बुटाचा आवाज व्हायचा. ठक, आणि मागून उजवा पाय ओढल्याचा सर्र. ठक, सर्र. जिन्याच्या तेरा लाकडी पायऱ्यांवरून तो आवाज उतरला की मास्तरांना घड्याळ बघावं लागत नसे. अकराचा चहा.

२

समोरच्या फुटपाथवर दोन महिन्यांपासून नवीन दुकानाचं काम चाललं होतं. दुकान कसलं, दुकानांच्या एका मोठ्या साखळीची शाखा. गावोगावी तिच्या शाखा होत्या आणि प्रत्येक शाखेच्या उद्घाटनाला रांगा लागायच्या म्हणे. काचांना आतून पिवळट कागद लावलेला. दारावर फुग्यांची कमान. भोंग्यातून एक गोड बाईचा आवाज दर अर्ध्या तासाने सांगायचा, "शनिवारी, दुपारी दोन वाजता! फक्त पाच दिवस राहिले!"

आत काय मिळणार हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

"सगळं मिळतं हो," पोस्टमन म्हणाला. तो मास्तरांचं पक्कं गिऱ्हाईक, महिन्याला एक तळवा झिजवणारा. त्या सोमवारीच त्याने नवा तळवा बसवून घेतला होता.

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. आणि पहिल्या तीनशे जणांना कार्ड देणार. ते एकदा मिळालं की त्यांच्या कुठल्याच दुकानात पुन्हा रांगेत उभं राहायचं नाही. आयुष्यभर."

"म्हणजे पुन्हा रांगेत राहायचं नाही म्हणून आता पाच दिवस रांगेत राहायचं."

"तुम्हाला नाही कळायचं, मास्तर," पोस्टमन म्हणाला आणि धावत पलीकडे गेला.

सोमवारी दुपारपर्यंत रांग कोपऱ्यापर्यंत पोहोचली. लोक सतरंज्या, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन आले. कुणी फोटो काढत होतं, कुणी घरी फोनवरून सांगत होतं की आपण एकोणिसावे आहोत. दुकानाचा रखवालदार मोठा अदबशीर माणूस. त्याने खडूने फुटपाथवर चौकोन आखले, प्रत्येकात आकडा घातला आणि मंगळवारी सकाळी हात जोडून म्हणाला, "तुम्ही कशाला उन्हात उभे राहता? पायातलं एक इथे ठेवा आणि खुशाल घरी जा. तुमचा नंबर तुमचाच."

"जोडी ठेवू?" एका बाईने विचारलं.

"जोडी नको. एक पुरे."

लोक खूश झाले. दुपारी मास्तरांनी मान वर केली तर समोर माणूस नाही आणि रांग मात्र जागच्या जागी. सँडल, चप्पल, बूट, स्लीपर, सगळ्यांची तोंडं दाराकडे. मास्तरांना हसू आलं. त्यातली निम्मी पायताणं त्यांच्या हाताखालून गेलेली होती. सत्तराव्या चौकोनात पोस्टमनचा जुना काळा बूट होता, त्याचे टाके लांबूनही ओळखू आले.

रखवालदार रांगेच्या कडेने फेऱ्या मारत होता. कालपासून सारखा चालत होता. तो वळला तेव्हा त्याच्या बुटाचा तळवा मास्तरांना दिसला. कोरा करकरीत होता, डब्यातून आत्ताच काढल्यासारखा. मास्तर मनात म्हणाले, चांगला माल दिसतोय, आणि पुन्हा आरी हातात घेतली.

३

बुधवारी तळव्यांचा व्यापारी आला. गावोगाव फिरून रबराचे तळवे पुरवणारा बोलका माणूस. दर वेळी तासभर गप्पा मारून जायचा. या वेळी समोरची रांग दिसली आणि तो गप्प झाला.

"तुमच्याकडेही आलं का हे," तो म्हणाला.

"का हो? बरं नाही का?"

"बरंच असेल. माझं मात्र ज्या ज्या गावात हे उघडतं, त्या गावातलं काम बंद होतं. कुणी तळवाच घेत नाही. तुमच्यासारख्या चार जणांनी बैठकी गुंडाळल्या."

"नवीन चपला त्यांच्याकडूनच घेत असतील लोक."

"मीही तेच धरून चाललो होतो. पण लोकांच्या पायात जुन्याच असतात. फक्त त्या झिजत नाहीत." त्याने पिशवीचा बंद दोनदा बांधला. "तुम्ही काही ठेवलंय का तिथे?"

"मी कशाला ठेवतोय!"

"ठेवू नका," तो म्हणाला आणि चहा अर्धा टाकून गेला.

मास्तरांना त्याचा रागच आला. धंदा बसला की माणूस काहीबाही बोलतो. पण गुरुवारी सकाळी पोस्टमन तुटलेला बंद शिवायला आला तेव्हा त्यांनी बूट आधी उलटा करून पाहिला. सोमवारी बसवलेला तळवा. या माणसाची टाच चौथ्या दिवशी बाहेरच्या कडेला घासलेली असते, तीस वर्षांत चुकलं नव्हतं. तिथे साधा ओरखडाही नव्हता. धूळसुद्धा नव्हती.

"चार दिवस रजेवर होतात की काय?"

"छे हो! उलट दोन फेऱ्या जास्त झाल्या. थकवाच येत नाही आताशा. अगदी हलकं..."

आणि बोलता बोलता पोस्टमन एक पाऊल पुढे सरकला.

पुढे जागाच नव्हती. मास्तरांची हत्यारांची पेटी होती. त्याची नडगी पेटीच्या लोखंडी कडेवर जोरात आपटली, खिळ्यांची डबी उलटली. पोस्टमनने खाली पाहिलंही नाही. "...हलकं वाटतं," त्याने वाक्य पुरं केलं.

मास्तर खिळे गोळा करायला वाकले आणि वाकल्या वाकल्या त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. बसथांब्यावरचा माणूस नुकताच खांबाला जाऊन चिकटला होता. बादली घेतलेली बाई एक पाय गटारात घालून उभी होती आणि तो का ओला झाला हे तिला कळत नव्हतं. लोकांचा धक्का लागावा अशी गर्दी कुठेच नव्हती.

योगायोग, मास्तर स्वतःशी म्हणाले. खिळे मात्र त्यांनी तीनदा मोजून डबीत भरले.

४

त्या दिवशी अकरा वाजून गेले तरी जिन्यावर आवाज झाला नाही.

"चहा," कानाशी कुणीतरी म्हणालं आणि मास्तर दचकले. ताई बाजूला उभी होती. पायात नेहमीचा बूट होता, हातात कप.

"कधी उतरलीस तू?"

"आत्ताच की. कान गेले का तुझे?"

ती परत निघाली. मास्तर बघत राहिले. ठक नाही, सर्र नाही. खांदे सरळ, कंबर सरळ. तेरा पायऱ्या ती वाऱ्यासारखी चढून गेली, आणि नवव्या पायरीची फळी, जी मांजर गेली तरी करकरते, ती गप्प राहिली.

मास्तर काम टाकून वर धावले. नववी पायरी त्यांच्या पायाखाली व्यवस्थित करकरली.

"ताई, तू रांगेत काही ठेवलंस का?"

ती लाजल्यासारखी हसली. "काल ठेवला. जुना डावा बूट. तुला सांगणार होते, पण तू हसला असतास."

"तुला काय करायचंय ते कार्ड?"

"तुला काय कळणार रे," ताई म्हणाली. "दवाखान्यात रांग, टपालात रांग, नळावर रांग. चाळीस वर्षं एका पायावर उभी राहिलेय मी. लोक म्हणतात बाई, बसा, आणि बसलं की नंबर जातो. एकदा वाटलं, आपणही ठेवावा. तिथे उभं राहावं लागत नाही." मग तिने डावा पाय पुढे केला, बूट काढला आणि अनवाणी खोलीभर चालून दाखवलं. सरळ. न लंगडता. "हे बघ! काल संध्याकाळपासून. दुखत नाही रे. अजिबात दुखत नाही."

तिचे डोळे भरून आले होते. मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. जन्मभर थरावर थर चिकटवून त्यांना जे जमलं नाही ते घडलं होतं. पण त्यांची नजर तिच्या पावलांवर होती. पाय अजून चार बोटं आखूडच होता. टाच जमिनीपासून चार बोटं वर होती, खाली काही नव्हतं, आणि ती त्या टाचेवर भार देऊन उभी होती.

५

शुक्रवारी ताई त्यांना एकदाही रागावली नाही.

सकाळी मास्तर मुद्दाम अनवाणी वर आले. ती काही बोलली नाही. त्यांनी जेवण पानात टाकलं. ती काही बोलली नाही. घरात त्या दोघांचं बोलणं म्हणजे निम्मं भांडण असायचं, ते संपल्यावर खोलीत राहिलं काय? खाटेवर ती बसली तरी सुंभ ताणला जात नव्हता. जेवून मास्तर हात धुऊन आले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

त्यांची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. रस्त्याच्या बाजूला खिडकी नाही, नुसती भिंत. त्या भिंतीपलीकडे दुसऱ्या कुणाचं कोठार, मग रस्ता, मग ते दुकान.

"ताई, काय बघतेस?"

"काही नाही. उभी आहे."

"बूट काढून आणू का गं तिथून?"

"उद्या दोन वाजता जायचंय."

"कुठे?"

"आत."

"आत काय आहे?"

तिने बराच विचार केला. "पुढे जागा आहे," ती म्हणाली, आणि एक पाऊल पुढे सरकली. तिचं कपाळ हलकेच भिंतीला टेकलं.

 मास्तर खाली आले आणि बैठकीवर बसले, कारण दुसरं कुठे बसावं हे त्यांना सुचेना. समोर उत्सव चालला होता. दुसऱ्या गावांहून लोक आले होते, तीनशेच्या पुढेही चौकोन भरले होते. भोंगा "फक्त एक दिवस!" म्हणत होता. मास्तरांची नजर सवयीने खाली गेली.

काचेवरचा कागद जमिनीच्या चार बोटं वर संपलेला होता. उभ्या माणसाला ते दिसलं नसतं. वीतभर उंचीच्या बैठकीवरून बरोबर दिसत होतं. कागदाच्या खाली, काचेच्या आत, पाय होते.

अनवाणी पाय. घोट्यापर्यंतच, त्यावर कागद. एकामागे एक, रांगेत.

पुतळ्यांचे असतील, मास्तरांनी समजूत घातली. कपडे लावायला दुकानात पुतळे असतातच. पण पुतळ्यांना भोवऱ्या नसतात. पुतळ्यांची नखं काळी पडलेली नसतात. ते एकेक पाऊल बघत गेले आणि एकेक ओळखत गेले. शेजारच्या बोटावर करंगळी चढलेली, ती बेकरीवाली. चपटा तळवा, शाळेतला शिपाई. बाहेर कललेली टाच, पोस्टमन. आणि पोस्टमन तर आत्ता समोरून सायकल हातात धरून चालला होता, दोन्ही पायांवर.

मग त्यांच्या लक्षात आलं की जोडी कुणाचीच नाही. प्रत्येकाचं एकच पाऊल. कुणाचं डावं, कुणाचं उजवं.

काचेच्या कडेला एक डावं पाऊल होतं, लहान, टाच चार बोटं वर उचललेली. त्या पायाचं माप मास्तर डोळे मिटूनही सांगू शकले असते.

ते बघत असताना सगळी पावलं एकदम पुढे सरकली. सायकलीमागे पोस्टमन एक पाऊल पुढे सरकला. आणि मास्तरांच्या डोक्यावर, वरच्या खोलीत, काहीसुद्धा वाजलं नाही.

६

शनिवारी सकाळी ते लहान पाऊल काचेपाशी नव्हतं. रांग आतल्या आत पुढे गेली होती. काचेपाशी आता नवी, अनोळखी पावलं होती.

मास्तर संधी शोधत राहिले. दहा वाजेपर्यंत रस्ता माणसांनी भरला. बँडवाले आले, वाजवून गेले. साडेबाराला ऊन चढलं तसे लोक सावलीला, जेवायला पांगले. पायताणं होती ना नंबर सांभाळायला. एक वाजता रस्त्यावर फक्त रांग उरली. तिच्या कडेला रखवालदार पाठमोरा उभा होता, दाराची कमान सारखी करत.

मास्तरांनी चपला घातल्या, चामडं कापायची रापी घेतली आणि रस्ता ओलांडला. एकशे बाराव्या चौकोनात ताईचा बूट होता, जाड तळव्याचा, लेस बांधलेला. ते वाकून तो उचलायला गेले.

बूट उचलला गेला नाही.

त्यांनी दोन्ही हातांनी ओढला. जमिनीला चिकटलेला नव्हता, जरासा हललाही. पण त्यात भार होता. माणूस आपल्याच चपलेवर उभा असताना चप्पल ओढावी तसा.  रापीने फाडून काढावा असं मनात आलं, आणि मग त्यांनी बुटात बोटं घातली. आत ऊब होती.

रापी त्यांनी बाजूला ठेवली. मग ते तिथेच फुटपाथवर खाली बसले, घरी ताईचं माप घेताना बसायचे तसे. लेसची गाठ सोडली. लेस एकेका भोकातून सैल केली. जिभेचं चामडं पुढे ओढलं.

"ताई," ते हळूच म्हणाले, "पाय उचल."

काही झालं नाही.

"मी आहे गं. नवा थर बसवायचाय. पाय उचल बघू. दुखणार नाही." आणि मग त्यांचा आवाज फुटला. "दुखेल. खोटं कशाला बोलू? दुखेल, पण उचल."

बूट त्यांच्या हातात एकदम हलका झाला.

मास्तर तो छातीशी धरून उठले आणि पळत सुटले. मागून रखवालदाराचा अदबशीर आवाज आला, "अहो मास्तर! एक पुरे होती!"

ते ऐकायला थांबले नाहीत.

७

जिना चढतानाच त्यांना वरून आवाज आला. ठक. सर्र. ठक. सर्र.

मास्तर दारात उभे राहून लहान मुलासारखे रडले. ताई कंबर धरून चुलीपाशी चालली होती, तोंड वेडंवाकडं करून. "मेला हा पाय! दोन दिवस बरा होता, आज जीव घेतोय." मग तिचं लक्ष गेलं. "अगंबाई! कधी आलास? आणि रडतोस काय? कुणी मारलं?"

"काही नाही गं. तू रागाव."

"रागवायलाही वेळ नाही मला. किती वाजले, जेवायचं नाही का? आणि तो बूट कशाला उचलून आणलास? माझा नंबर..." ती थांबली. "जाऊ दे. नाहीतरी काल काय वेड लागलं होतं कुणास ठाऊक. भिंतीशी उभी होते का रे मी?"

"होतीस."

"कमाल आहे." तिने पान मांडलं. मास्तरांच्या जिवात जीव आला होता. आता बसावं, पोटभर जेवावं, आणि दोन वाजता भोंगा ओरडला की दार लावून घ्यावं.

"पण तू चढलास कसा?" ताई म्हणाली. "नववी पायरी वाजलीच नाही."

मास्तरांनी खाली पाहिलं. पाय अनवाणी होते. भर उन्हातून, धुळीच्या रस्त्यावरून ते पळत आले होते, आणि तळव्यांना कण लागलेला नव्हता.

एक पुरे होती, रखवालदार म्हणाला होता.

माप घ्यायला ते खाली बसले होते. खाली बसले की पाय आपोआप मोकळे.

"टाकून आलास ना चपला?" ताईने कपाळावर हात मारला. "कुठे, त्या रांगेतच? वा! आता गर्दी झाली की तुडवतील लोक. थांब, मीच आणते."

"ताई, नको."

"तू जेव."

"ताई, नको जाऊस." म्हणायचं होतं ते असं नव्हतं. म्हणायचं होतं की त्या चपला तिथून निघाल्या पाहिजेत, आत्ता, दोनच्या आत, आणि तू मात्र तिथे जायचं नाहीस. ही दोन्ही वाक्यं एका तोंडातून कशी काढावी ते त्यांना कळेना. आणि पाय इतके हलके झाले होते. पस्तीस वर्षं मांडी घालून आखडलेले गुडघे एकदम मोकळे झाले होते. किती बरं वाटतं हे ताईने सांगितलं होतं, तेव्हा त्यांना समजलं नव्हतं.

"भिंतीकडे तोंड करून काय बोलतोस?" जिन्यातून ताई ओरडली. "पान वाढलंय, बस!"

ठक, सर्र. ठक, सर्र. नववी पायरी करकरली. मास्तर भिंतीसमोर उभे होते. इथे कधी येऊन उभे राहिलो ते त्यांना आठवेना. मागे वळायला हवं होतं. पण मागे कुणीतरी उभं आहे आणि वळलं तर नंबर जाईल असं वाटत होतं.

ठक, सर्र. ती रस्त्यावर उतरली. रस्ता अजून शांत होता, उघड्या जिन्यातून आवाज स्वच्छ येत होता. रस्त्याच्या मध्यावर. पलीकडच्या फुटपाथवर. दोन अस्सल चामडी चपला, एकशे बाराव्या चौकोनात, जमिनीवर ठेवलेल्या. तिला लगेच सापडतील.

जमिनीवर.

"ताई!" मास्तर भिंतीला म्हणाले. "वाकू नकोस! बूट काढू नकोस पायातला!"

आवाज भिंतीपलीकडेसुद्धा गेला नाही.

खाली ठक झालं. पुढचा सर्र झाला. मग आवाज थांबला, लेस सोडायला लागतो तेवढा वेळ.

मास्तर कान देऊन राहिले. भोंग्यातली बाई हसून काहीतरी सांगू लागली. मग ते एक पाऊल पुढे सरकले.